पाठमोरी

पडद्यावर रेश्मा पाठमोरी उभी होती. दिवे एकदम वर आले, ढोल सुरू झाला, कमरेपर्यंतची चंदेरी वेणी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर फिरली आणि सोनू खुर्चीत गुडघ्यांवर उठून ओरडली, "आई, बघ ना, कसली भारी नाचतीये!" पुढच्या रांगेतल्या बाईनं मागं वळून हसून पाहिलं. रविवारचा सकाळचा खेळ, दिवाळीची सुट्टी, निम्मं थिएटर पोरांनीच भरलेलं. कुणी काही म्हणत नव्हतं. मोनिकाच्या मांडीवर पॉपकॉर्नचा डबा होता. तो तिनं दोन्ही हातांनी इतका घट्ट धरला की त्याची एक कड आत दबली. पडद्यावरची ती पाठ तिची होती.

रेश्मा जाऊन वर्ष झालं होतं. रिहे गावातल्या शेतकऱ्याची मुलगी. बत्तिसाव्या वर्षी तिची गाणी लग्नांत, रिक्षांत, शाळांच्या गॅदरिंगमध्ये, सगळीकडे वाजत होती. मोठ्या दौऱ्याची तालीम तिनं हट्टानं गावातच केली. घरामागच्या खाचरात भराव टाकून पत्र्याची भलीमोठी शेड उभी केली, दीड महिना तिथं सगळ्यांना घाम गाळायला लावला आणि दौरा सुरू व्हायला नऊ दिवस असताना ती गेली. त्या दीड महिन्याचं चित्रण शैलेश नावाच्या दिग्दर्शकानं करून ठेवलं होतं. त्याचाच हा सिनेमा. लहानमोठ्यांनी एकत्र बसून बघावा म्हणून त्यात रेश्माच्या शिव्या नव्हत्या, सिगारेट नव्हती, हॉस्पिटल नव्हतं. तापानं लाल झालेले डोळे नव्हते. रेश्मा पाणी पीत होती, चुकून हसत होती, नाचणाऱ्या पोरींना मिठ्या मारत होती. मोनिका त्या आठ पोरींपैकी एक. रेश्माच्याच उंचीची, तिच्याच अंगाची, म्हणून दिवे लावून बघायचे असले की रेश्माच्या जागी तिला उभं करायचे. दिव्यांवरची माणसं तिला गमतीनं "रेश्मा दोन" म्हणायची. तेव्हा तिला ते आवडायचं. इतकं आवडायचं की आवडतंय हे दिसू नये म्हणून ती खोटं खोटं चिडायची.

शेवटच्या दिवसाचं हे चित्रण ते काढून टाकतील, असं तिनं वर्षभर स्वतःला सांगितलं होतं. शैलेशला माहीत होतं ना, त्या दिवशी जॅकेटमध्ये कोण होतं ते. पण पडद्यावर खाली बारीक अक्षरांत तारीख आली, "शेवटची तालीम" असं आलं. चेहरा कुठंच नव्हता. टोपी, वेणी, जॅकेट, पाठ. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. तिसरं संथ गाणं लागलं तेव्हा तिला वाटलं, पाणी आणायला म्हणून उठावं. पण एका बाजूला सोनू होती, दुसऱ्या बाजूला सासू गंगूबाई, आणि एकीचे गुडघे ओलांडून जायचं म्हणजे दोघींना आपल्याकडं बघायला लावायचं. ती बसून राहिली. आणि मग ते आलं. पडद्यावरची बाई हात वर नेता नेता थबकली. अगदी अर्धी मात्रा. मान डावीकडं वळली, अंधारात कुठंतरी पाहिलं, आणि परत समोर आली. थिएटरमध्ये कुणीतरी "आहा" म्हणालं. त्या मान वळवण्यात त्यांना नजाकत दिसली होती.  मोनिकाला वाटलं, आता दिवे लागतील आणि कुणीतरी उठून विचारेल, काय बघितलंस गं तिकडं?

कुणी विचारलं नाही. सिनेमा संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. सोनूनं बाहेर पोस्टरपाशी उभं राहून फोटो काढून घेतला. तिनं एक हात वर नेला आणि मान डावीकडं वळवली. मोनिकानं फोनच्या पडद्यावर आपल्या लेकीची ती वळलेली मान पाहिली आणि बटण दाबायलाच विसरली. "काढला का? आई, काढला का?" सोनू तशीच उभी राहून विचारत राहिली. फोनवर तेवढ्यात साहिलचं नाव दिसलं. साहिल म्हणजे रेश्माचा धाकटा भाऊ. सिनेमा चालू असताना त्याचे तीन फोन येऊन गेले होते. वर्षभरात त्याचा एकही फोन नव्हता.

नांदे गावातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत परत आल्यावर मोनिकानं स्वयंपाक केला, जेवणं झाली, सोनू आडवी झाली. नवरा अनिकेत पिरंगुटला कंपनीत, त्याची रविवारची पाळी होती. मोनिका मोरीत भांडी घासायला बसली, आणि मागून गंगूबाईचा आवाज आला. "ती पाठ तुजी हाय."

"कुठली, आत्या?"

"पिच्चरमधली. ही पाठ मी रोज बघतीया. हितंच बसून. मला काय कळत न्हाई व्हय?" गंगूबाई उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत होती. आवाजात राग नव्हता, थोडा अभिमानच होता. "एवढी झ्याक नाचलीस नि घरात कुणाला सांगितलं न्हाई. लपवाया काय झालं?"

"सही केलीय मी. कुणाला सांगायचं नाही अशी." ते खरं होतं. सगळ्यांकडून तसा कागद लिहून घेतला होता. पण ती हे इतक्या घाईनं बोलली की तिलाच ते खोटं वाटलं.  गंगूबाईचा सुपारी कातरण्याचा आवाज थांबला. मोनिकानं घासलेलंच पातेलं परत घासायला घेतलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण पाठ आक्रसून बसलोय, जणू तिथं काही लिहिलेलं आहे.

तो दिवस तिला रोज आठवत होता असं म्हणणं बरोबर नाही. तो दिवस तिच्या अंगातच होता, एखाद्या बारीक तापासारखा. दुपारी चारचा सुमार. शेडमध्ये पत्र्याची धग. आठवड्यापूर्वी रेश्माला ताप येऊन गेला होता, तिनं तो गोळ्या खाऊन दाबला होता. कपडे बदलायच्या खोलीत ती लोखंडी पेटीवर बसली होती आणि उजव्या हातानं डावा दंड चोळत होती. "मोना, हा हात जड झालाय गं," ती म्हणाली. "दारं-खिडक्या उघड जरा." दारं-खिडक्या उघड्याच होत्या. "साहिलला सांगू?" मोनिकानं विचारलं. "अजिबात नाही. तो लगेच सगळं थांबवेल. आज त्यांना दिवेच बघायचेत. तू घाल माझं जॅकेट. मी बसते खाली, आवाजवाल्याच्या टेबलाशी. कुठं चुकतंय ते बघते." मोनिकानं जॅकेट घेतलं. आता आठवताना तिला पहिल्यांदा आठवायचा तो रेश्माचा चेहरा नव्हे. जॅकेट अंगात घालताना झालेला आनंद आठवायचा. आतलं अस्तर रेश्माच्या घामानं ओलसर होतं, आणि ते तिच्या अंगाला असं बसलं होतं की जणू तिच्याच मापानं शिवलंय. भरे गावच्या बौद्धवाड्यात, जयंतीच्या मंडपात, सात वर्षांची असताना ती पहिल्यांदा नाचली, त्यानंतर पंचवीस वर्षं ती कुणाच्या ना कुणाच्या मागच्या रांगेत होती. त्या दिवशी ती मधोमध उभी राहिली. रिकामी शेड, पण दोन कॅमेरे, दिवे, गाण्याचा तो छातीवर येणारा दणका. आणि ती नाचली. इतकी चांगली ती कधी नाचली नव्हती.

तिसऱ्या गाण्यात एक जागा होती. सगळ्या पोरी खाली बसतात, आणि बारा मात्रांपुरती रेश्मा एकटी उभी असते. ती जागा येण्याआधी मोनिकानं सहज डावीकडं पाहिलं. टेबलाशी रेश्मा होती. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवून त्यावर डोकं टेकवलं होतं. शेजारी आवाजवाला कानाला हेडफोन लावून आपल्या बटणांत बुडाला होता. मोनिकाला दिसलं. तिला समजलंसुद्धा. काय समजलं ते तिला आजही नीट सांगता आलं नसतं, पण पाऊल अडलं, आणि हात खाली करून "थांबा" म्हणायचं तिच्या मनात आलं. पण बारा मात्रा पुढ्यात होत्या. ती थांबली नाही. बारा मात्रा ती एकटी नाचली, मग चौथं गाणं नाचली, आणि दिवे लागले तेव्हा रेश्मा डोकं वर काढून हसत होती आणि म्हणाली, "माझी भाकरी खाणार तू." मोनिकाला हायसं वाटलं. पाऊण तासानं खोलीत रेश्मा पेटीवरून खाली कलंडली. पौड रस्त्याच्या गर्दीत, गाडीतच, सगळं संपलं. तापानं हृदयाला सूज आली होती म्हणाले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एक नर्स दुसरीला म्हणाली, "तासभर आधी आणलं असतं तर," आणि पुढं गेली. तिनं ते मोनिकाला सांगितलंच नव्हतं. पण तिसऱ्या गाण्यापासून गाडी निघेपर्यंत किती वेळ झाला याचा हिशेब मोनिकानं इतक्यांदा मांडला होता, की कधी तो पन्नास मिनिटांचा यायचा, कधी सव्वा तासाचा, आणि पन्नास मिनिटं आली की ती जरा नीट झोपायची.

संध्याकाळी तिनं साहिलला फोन लावला. लावण्याआधी पाणी प्यायली. साहिल थकल्यासारखा बोलला. "आईला भेटायचंय तुला. सगळ्या पोरींना बोलावून झालं तिचं, तूच राहिलीस. शैलेशनं प्रत दिलीय, ती सिनेमा बघत बसते गं घरी. सगळा नाही, एकच जागा. परत परत." कुठली जागा, हे मोनिकानं विचारलं नाही. उद्या येते म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, विचारायला हवं होतं. न विचारणं म्हणजे माहीत असणं.

सोमवारी सोनूला सासूपाशी ठेवून ती स्कूटरवर निघाली. मुलखेड गेलं, घोटवडे गेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची कापणी चालली होती, मध्येच कुणाच्या तरी फार्महाऊसची लांबच लांब भिंत लागायची आणि परत खाचरं. ती मनातल्या मनात वाक्यं लावत होती. काकी, त्या दिवशी ती मस्त होती. काकी, तिला काही त्रास नव्हता. ही वाक्यं तिनं याआधी पोलिसांना, शैलेशला, मैत्रिणींना सांगितली होती आणि दर वेळी ती सहज बाहेर पडली होती. आज ती तोंडात येईनात. रिह्याच्या वळणावर तिनं स्कूटर थांबवली. परत फिरावं, आजारी आहे म्हणून कळवावं. एक ट्रॅक्टर मागून आला, चालकानं हॉर्न वाजवून बाजूला व्हायची खूण केली, आणि बाजूला होता होता ती पुढंच निघाली.

सगुणाबाई ओट्यावरच बसली होती. रेश्माची आई. नऊवारी, हातात हिरव्या बांगड्या, चेहरा वर्षभरात निम्मा झालेला. लेकीनं बांधून दिलेल्या एवढ्या मोठ्या घरात ती अजून पुढच्या खोलीत जमिनीवरच बसायची. "ये गं. आत ये," ती म्हणाली. तिनं स्वतः चहा केला, बशी कपाखाली धरून दिला. तालमीच्या दिवसांत पोरींना चहा शेडवरच जायचा. या घराच्या आत मोनिका पहिल्यांदाच येत होती, आणि का, हे दोघींनाही ठाऊक होतं. आज सगुणाबाईच्या ते ध्यानातही नसावं. ती रिमोट शोधत होती.

"साहिलनं लावून दिलंय. हे दाबलं की हितनंच चालू व्हतं," ती म्हणाली. भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर शेड उजळली. तिसरं गाणं. मोनिकानं कप खाली ठेवला. सगुणाबाई पुढं सरकून, पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली. हात वर जाता जाता थबकला. मान वळली. सगुणाबाईनं बटण दाबलं आणि चित्र तिथंच गोठलं.

"हितं बघ," ती म्हणाली. "हितं ती माज्याकडं बघतीया."

मोनिकाला काही समजेना. "तुमच्याकडं?"

"मी आले व्हते ना त्या दिशी. कुणालाच ठावं न्हाई. डाव्या अंगाच्या दारात हुभी व्हते. सकाळी तिचं त्वांड बघितलं व्हतं मी, पिवळं पडलेलं. म्हणलं, जाऊन हाताला धरून आणावी, डाक्टरकडं न्यावी. दारात आले तर ही अशी नाचत व्हती. आन् तिनं वळून माज्याकडं बघितलं. म्हणलं, बरी हाय पोरगी. मंग मी माघारी गेले." तिनं पडद्यावरच्या मानेवरून बोट फिरवलं. "शेवटचं बघितलं ते माज्याकडंच. साहिल म्हणतो, आई, तसं मान. मी मानती. पर तू तितं हुतीस. मला एवढंच सांग पोरी, ती खरंच बरी व्हती का?"

वाक्यं तयार होती. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मोनिकाला एकदम दिसलं, की हे "हो" म्हणून आपण उठू, ही बाई आपल्या डोक्यावरून हात फिरवेल, उद्या परत हेच बटण दाबेल, आणि परवा, आणि मरेपर्यंत आपल्या मानेवरून बोट फिरवत राहील. तिच्या मानेला तिथंच, त्याच जागी, मुंग्या आल्यासारखं झालं. आपण आत्ता खोटं बोललो तर ते कायमचं होईल, आणि खरं बोललो तर तेही.  तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी ऐकू यावा तसा आला.

"काकी, ती मी आहे."

"काय?"

"ती रेश्मा नाही. जॅकेट तिचं आहे. आत मी आहे. तिचा हात दुखत होता, म्हणून तिनं मला उभं केलं."

सगुणाबाईनं टीव्हीकडं पाहिलं. मग मोनिकाकडं, तिच्या चेहऱ्याकडं नाही, तिच्या खांद्यांकडं. बराच वेळ. "मंग रेश्मा कुटं व्हती?"

"खाली खुर्चीवर. आवाजाच्या टेबलाशी."

"कुठल्या अंगाला?"

"दाराच्याच. दाराकडं पाठ होती तिची." आता थांबणं शक्य नव्हतं, थांबलं की परत तेच झालं असतं. "मी तुमच्याकडं नाही बघितलं, काकी. दारातलं मला दिसतही नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं. तिनं टेबलावर डोकं टेकलं होतं. मला कळलं होतं की काहीतरी झालंय. मी थांबायला पाहिजे होतं. मी थांबले नाही. मला नाचायचं होतं."

हे शेवटचं वाक्य तिनं कधी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. ते इतकं लहान निघालं याचंच तिला आश्चर्य वाटलं. सगुणाबाई हलली नाही. आता ती ओरडेल, घराबाहेर काढेल, आमच्याच पोरीच्या जिवावर उठलीस, म्हणेल. आणि ते सगळं झेलायची मोनिकाची तयारी होती, वर्षभर ती त्याचीच वाट बघत होती. पण सगुणाबाईनं टीव्ही बंद केला, खुंटीवरची किल्ली काढली आणि म्हणाली, "चल. मला दाव."

शेडमध्ये आता भाताची पोती रचलेली होती. नव्या इंद्रायणीचा वास कोंडला होता. दिव्यांच्या लोखंडी चौकटी वर तशाच होत्या, दिवे नेले होते. मोनिकानं आठवून आठवून जागा दाखवली. इथं टेबल. इथं खुर्ची. सगुणाबाई डाव्या अंगाच्या दारापाशी गेली, वळली, आणि तिथून त्या जागेपर्यंत चालत आली. आठ पावलं झाली. ती परत दाराशी गेली आणि परत आली, जरा लांब टांगा टाकत. सात झाली. मग ती तिथंच एका आडव्या पोत्यावर बसली.

"म्हंजी मी तिच्या मागंच हुभी व्हते," ती म्हणाली.

 शेडच्या पत्र्यावर उन्हाची टकटक होत होती. आपण तिच्या जवळ जावं की दूर राहावं हे मोनिकाला ठरवता येईना. तिला भीती वाटत होती की ही बाई आता इथंच कलंडेल, आणि परत एकदा आपण नुसतं बघत राहू. ती दोन पावलं पुढं झाली.

"तू तुजं सांगितलंस," सगुणाबाई म्हणाली. ती जमिनीकडं बघत होती. "आता माजं ऐक. मला तवाच वाटलं व्हतं, ही आपली न्हाई. आईला पोरीची चाल कळत न्हाई व्हय? तिचा उजवा पाय जरा बाहेर पडायचा. ल्हानपणापास्नं. ह्यो पाय सरळ पडत व्हता. मला दिसलं त्ये. मनात आलं, ही कोण हाय, मंग माजी कुटं हाय? आत जावावं, इच्यारावं. पर गॅसवर भात व्हता. इतक्या माणसांचा भात. करपंल म्हणलं, आन् गेले. बरी हाय म्हणून न्हाई गेले. भातासाठी गेले."

ती थांबली. गुडघ्यावर टेकलेल्या हातातल्या हिरव्या बांगड्या तिनं मागं सारल्या.

"त्यो पिच्चर आला नि सगळी म्हणाया लागली, बघा, कशी नाचतीया शेवटच्या दिशी. मंग मीबी बघाया लागले. दर टायमाला वाटायचं, आज तरी तिचा पाय बाहेर पडंल. आज तरी ती तीच निघंल."

मोनिका तिच्यासमोर खाली बसली. फरशीवर भाताचं तूस होतं, ते तळहाताला टोचलं. छातीत वर्षभर जे घट्ट धरून ठेवलं होतं ते सुटलं नव्हतं. उलट आता त्यात ही बाईही आली होती, तिचा भात, तिची आठ पावलं. पण ते आता एकटीचं नव्हतं, आणि एकटीचं नसणं हे हलकं होणं नव्हे, हे तिला तिथंच कळलं. बाहेरून साहिलची हाक आली. "आई? आई, कुठं आहेस?" दोघी जागच्या हलल्या नाहीत. पावलं घराकडं परत गेली.

"त्येला ह्यातलं काय सांगू नको," सगुणाबाई म्हणाली. "त्यो मला दोष द्यायचा न्हाई. आई, तुजं काय चुकलं, म्हणंल. तुलाबी तसंच म्हणंल. सगळी तसंच म्हणत्यात." तिनं पहिल्यांदाच मोनिकाच्या डोळ्यांत पाहिलं. "तू दे मला दोष. मी तुला देती. दुसरं कोण हाय आपल्याला?"

मोनिकाला आधी ते नीट समजलं नाही. समजलं तेव्हा ती तळहाताला चिकटलेलं तूस झटकू लागली. वयानं आईएवढी बाई, लेक गेलेली, आणि तिला हे म्हणायचं. ती नजर खाली घालून बसून राहिली, आणि सगुणाबाई वाट बघत राहिली. घाई केली नाही, विषय सोडलाही नाही. शेवटी मोनिकानं मान वर केली.

"तुम्ही आत यायला पाहिजे होतं, काकी," ती म्हणाली.

"आन् तू थांबाया पायजे व्हतंस," सगुणाबाई म्हणाली.

दोघींपैकी कुणाचाच आवाज चढला नव्हता.